साळूबाईचे रुसके तीळ

सोनईत तीळ दोन ठिकाणी मिळत. वाण्याकडे मापाने आणि साळूबाईकडे सुईने. वाण्याचे तीळ संक्रांतीला संपत. साळूबाईने दिलेला तीळ हनुवटीवर एकदा बसला की तो माणसाबरोबरच जायचा.

साळूबाई गोंदायची. आत्याकडून आलेल्या तीन सुया, त्यांना दोऱ्याने बांधून केलेली जुडी, नारळाच्या करवंटीत पाल्याच्या रसात कालवलेलं काजळ आणि न थांबणारं तोंड, एवढ्या भांडवलावर तिने पंचवीस वर्षं आसपासच्या वस्त्यांतले हात हिरवे केले होते. आमच्या आईच्या मनगटावरची तुळस तिचीच. ती जरा डावीकडे कललेली आहे. आई म्हणायची, साळू चुकली. साळूबाई म्हणायची, "तुळस सरळ हुती, तूच हालली. तवा वारं सुटलं हुतं आसं समज."

तिला माणसांच्या कातडीची पारख होती, शेतकऱ्याला जमिनीची असते तशी. हात हातात घेतला की अंगठ्याने जरा चोळून बघायची आणि निकाल द्यायची: "ही काळी कसदार, रंग पितीय बघ," किंवा "ही चोपन हाय, रंग धरायची न्हाई, धा दिस हळद लाव, मंग ये." सुई लावण्याआधी पोरीला सांगायची, "रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे. येकदा सुरू झालं का हात माझा, तोंड तुझं." पोरगी हसायला लागायची, आणि तेवढ्यात पहिले चार ठिपके होऊन जायचे.

तिच्या नवऱ्याचं नाव कारभारी. यात एक अडचण होती. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "आमचे कारभारी" म्हणून वेळ मारून नेतात. साळूबाईची ती सोय नवऱ्याच्या पाळण्यातच कुणीतरी काढून घेतली होती. त्यामुळे ती नवऱ्याला "ओ, ऐका की" म्हणायची, आणि गल्लीतले तीन-चार कारभारी एकदम ऐकायला लागायचे.

एकाहत्तर सालापर्यंत धंद्याची हवा थोडी बदलली होती. हायस्कूलला जाणाऱ्या पोरींना हातभर वेलबुट्टी नको असायची. त्यांना हवा असायचा हनुवटीवर एकच तीळ, सिनेमातल्या बाईसारखा. साळूबाई आधी चिडली. "पाळना येतो मला, इच्चू येतो, लक्षुमीची पावलं येत्यात. आन् ह्या मागत्यात येक ठिपका!" पण पुढे तिच्या लक्षात आलं की सगळ्यात अवघड काम तेच. वेलीत एखादा ठिपका हुकला तर पानाआड खपून जातो. एकटा ठिपका हुकला तर तो जन्मभर चुकीच्या जागी बसून जगाकडे बघत राहतो. मग ती पोरीला आधी हसवायची, गाल कुठे आत जातो ते बघायची, काडीने खूण करायची, पुन्हा हसवायची आणि मगच टोचायची. तिचे तीळ पंचक्रोशीत नावाजले गेले.

अशा या तिळांच्या मालकिणीच्या अंगावर त्या हिवाळ्यात फुकटचे तीळ यायला लागले.

पहिले पोटावर आले, मग मांड्यांवर, मग दंडावर. तपकिरी, मसुरीएवढे, काही त्याहून लहान. साळूबाईने प्रथम ते हसण्यावारी नेलं. "देवानं माझ्यासमूर दुकान काढलंय. त्याला सांगा, जागा तरी बघून काढ. पोटावर कोन बघनार हाय तुझा तीळ?" पण गरम पाण्याने अंघोळ केली की ते खाजत. खाजले की ती वजरीने घासायची, पायाच्या टाचा घासायचा तो खरखरीत दगड. घासले की ते तीळ पुरळासारखे फुगून लाल व्हायचे. आणि लाल झालेलं झाकायला चोळीची बाही पुरत नव्हती.

ते झुंबरबाईने बघितलं.

झुंबरबाई म्हणजे आमच्या गल्लीचं वजनदार माणूस. सत्तरीची, कपाळावर साळूबाईच्या आत्याने काढलेली चंद्रकोर, आणि ओट्यावर बसली की गावात कोण कुठून कुठे गेलं याचा हिशेब तिच्याकडे. तिची नात मुक्ता त्या वर्षी मॅट्रिकला होती, आणि वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. त्याआधी चैत्रात गोंदण. झुंबरबाईच्या मते गोंदल्याशिवाय पोरगी सासरी धाडणं म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट टाकणं. ते ठरवायलाच साळूबाई ओट्यावर आली होती. हातवारे करता करता बाही वर सरकली.

"साळू, ह्ये काय गं?"

"तीळ हायेत. घासले म्हनून फुगलेत."

"तीळ कवा फुगत्यात व्हय?"

साळूबाईने बाही खाली ओढली आणि गोंदणाचंच बोलत राहिली.

झुंबरबाई मनाने वाईट नव्हती. तिने फक्त शेजारणीला सांगितलं की साळूच्या दंडावर लाल चट्टे आहेत. शेजारणीने विहिरीवर सांगितलं की चट्टे सुन्न आहेत म्हणे. संध्याकाळी गाव झोपायच्या आत साळूबाईला महारोग झालेला होता. आठवड्याभरात तिची दोन बोटं झडलेलीही कुणी कुणी पाहिली होती. साळूबाई दहाही बोटांनी काजळ कालवीत असताना.

तिला कुणी तोंडावर काही बोललं नाही. तेच जास्त वाईट. ती गल्लीतून "गोंदून घ्या गंऽऽ" म्हणत निघाली की ओट्यावरच्या बायका तोंडभर हसत, आणि त्यांचे हात मात्र हळूच पदराखाली जात. पंचवीस वर्षं जे हात तिच्यापुढे आपण होऊन येत होते, ते असे बिळात शिरलेले तिला दिसायचे. बाजाराच्या दिवशी ती करवंटी घेऊन लिंबाखाली बसली आणि काजळ तसंच सुकवून परत आली. त्यानंतर झुंबरबाईने निरोप पाठवला: मुक्ताच्या गोंदणाला श्रीगोंद्याहून दुसरी बाई बोलावतोय, तू वाईट वाटून घेऊ नको.

साळूबाई घरी आली, जुडीचा दोरा सोडला, तिन्ही सुया पुसून डबीत ठेवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "ओ, ऐका की. उद्या नगरला जायाचं."

"कशाला?"

"माझं गिऱ्हाईक आनाया."

कारभारी फार बोलणारा नव्हता. बायकोच्या वाटणीचं आणि स्वतःच्या वाटणीचं, दोन्ही बोलणं तिच्याकडेच असल्यामुळे त्याला सवय राहिली नव्हती. तो म्हणाला, "महारोगच निगाला तर?"

"तर निगाला. पन ते डागतर सांगंल. झुंबराक्का न्हाई."

दुसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे एस.टी.ने दोघं नगरला उतरली आणि विचारत विचारत मिशनच्या दवाखान्यात पोचली. केसपेपर लिहायला दीना सिस्टर बसल्या होत्या. त्या मूळच्या नेवाशाकडच्या, त्यामुळे सोनईचं माणूस म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. नाव झालं, वय झालं ("लिव्हा पंचेचाळीस, आवडलं तर दोन कमी करा"), मग सिस्टरनी रांगेतला पुढचा प्रश्न विचारला, "ओळखखूण? अंगावर तीळबीळ?"

साळूबाईने बाही वर केली. "बसून घ्या बाई. लिव्हायला येळ लागंल."

दीना सिस्टर हसल्या, पण त्यांनी दंड बघितला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर दानीएल उंच, किडकिडीत, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी चट्टे पाहिले, पण आधी पाहिली ती तिच्या हातातली डबी.

"यात काय?"

"सुया. मी गोंदते."

"बरं. आज मी टोचतो. डोळे मिटा. टोचलं कळलं की सांगा."

हजारो हात टोचलेल्या बाईने पहिल्यांदाच टोचून घेण्यासाठी डोळे मिटले. कारभारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरांनी एका चट्ट्यावर टाचणी टेकवली.

"कळलं?"

"कळलं."

दुसऱ्यावर. "कळलं?"

"कळलं. बोथट हाय तुमची."

डॉक्टर थांबले. टाचणीचं टोक त्यांनी उजेडात धरून पाहिलं. ती खरंच बोथट होती. मग त्यांनी कापसाचा धागा फिरवला, गार आणि गरम पाण्याच्या दोन बाटल्या टेकवून पाहिल्या, कोपराची आणि कानामागची शीर चाचपली. साळूबाईने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं आणि न विचारता आणखीही बरंच सांगितलं.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाले. "महारोगात चट्ट्यावर काही कळत नाही. तुम्हाला जरा जास्तच कळतंय."

भिंतीकडे तोंड केलेल्या कारभाऱ्याने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. साळूबाई म्हणाली, "मंग हाय काय ह्ये?"

डॉक्टरांनी पेन्सिलीचं बोथट टोक घेतलं आणि दंडावरचा एक तपकिरी तीळ चार-पाच वेळा घासला. बघता बघता तो वर आला, भोवती लाल रिंगण पडलं, आणि साळूबाईचा हात आपोआप खाजवायला धावला. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्याच पोराचा वर्गात पहिला नंबर आला. "सिस्टर, बघा! बघा!"

त्यांनी शेजारचा तीळ घासला. तो ढिम्म. "हा साधा तीळ," डॉक्टर म्हणाले. तिसरा घासला. तो फुगला. मग त्यांनी मनगटाजवळचा चौथा घासला. काहीच नाही. पुन्हा घासला. तो साधाही दिसेना. रंग जरा हिरवट. डॉक्टरांनी भिंग आणलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुस्तक उघडलं, मिटलं.

साळूबाईने थोडा वेळ मजा पाहिली आणि मग दया आली. "डागतर, त्यो पुस्तकात न्हाई घावायचा. त्यो माझ्या आत्याचा हाय. मी धा वर्साची आसताना तिनं गोंदलाय."

दीना सिस्टरना तोंडावर रुमाल धरावा लागला.

मग डॉक्टरांनी एका कागदावर माणसाची आकृती काढली, पुढची एक, पाठची एक, आणि त्यावर ठिपके द्यायला लागले. साळूबाई वाकून बघत होती. पाचव्या ठिपक्याला तिला राहवलं नाही.

"ह्यो हितं न्हाई. जरा खाली. आन् ठिपका आसा पसरवू नका, टोक उबं धरा."

"बरं."

"तुमाला हात न्हाई, डागतर. शिकलात खरं, पन हात न्हाई."

शेवटी असं ठरलं की पेन्सिली तीन घ्यायच्या. फुगणाऱ्यांना लाल, साध्या तिळांना काळी, आत्याच्या आणि साळूबाईच्या स्वतःच्या गोंदणाला हिरवी. अंग तिचं, पाठीवरचं सांगायला दीना सिस्टर, आणि पेन्सिल तेवढी डॉक्टरांकडे. तो नकाशा झाल्यावर साळूबाईने फुगणाऱ्यांचं बारसंही करून टाकलं: रुसके. हात लावला की फुगणार, सोडून दिलं की थोड्या वेळाने आपणच बसणार. "घरात येक रुसकी नणंद आसती ना, तशे."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते असं. आपल्या कातडीत शरीराचं रक्षण करणाऱ्या निरनिराळ्या पेशी असतात. त्यातली एक जात फार बारक्या दाण्यांनी भरलेली. कुणा जर्मन माणसाने ती सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला वाटलं, ही खाऊन खाऊन लठ्ठ झालेली दिसते. म्हणून त्याने त्यांच्या भाषेत तिचं नाव मास्ट ठेवलं.

"मास्त?" साळूबाई म्हणाली. "आमच्यात मस्तवाल म्हंत्यात. बैल खाऊन माजला का."

डॉक्टर क्षणभर विचारात पडले. "तेच," ते म्हणाले. "अगदी तेच."

पुढचं दीना सिस्टरनी आपल्या बोलीत सांगितलं, आणि ते साळूबाईला अधिक पटलं. गावात रात्री पहाऱ्याला जागल्या असतो, तशा या पेशी. एक-दोन असले की गाव सुखी. तुमच्या कातडीत जागल्यांची फौज झालीय आणि जागोजागी घोळका करून बसलीय. चोर तर कुणी येत नाही. मग नुसता हात लागला, गरम पाणी पडलं, दगड घासला की सगळे मिळून ओरडत सुटतात, चोर, चोर! त्याने आग होते, खाज सुटते, फुगतं.

"आन् ह्ये काळे? जे वरडत न्हाईत ते? ते बी नवेच हायेत."

"ते खरेच तीळ," डॉक्टर म्हणाले. "या आजाराच्या माणसाला साधे तीळही नव्याने का यावेत, हे मला माहीत नाही. माझ्या पुस्तकात नाही. म्हणून तर नकाशा काढला. दर सहा महिन्यांनी या. वाढले, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या तर आधीच या."

एखाद्या शिकलेल्या माणसाने "मला माहीत नाही" म्हटलेलं साळूबाईने पहिल्यांदा ऐकलं, आणि तिथून पुढे तिचा त्या डॉक्टरवर पूर्ण विश्वास बसला. तिने विचारलं, "जाईल का?"

"बहुतेक नाही जाणार."

"मला न्हेईल का?"

"तसं काही दिसत नाही. वजरी बंद, कढत पाणी बंद, मधमाश्यांपासून लांब राहा, त्यांच्या डंखाने सगळे जागले एकदम उठतील. खाज सुटली तर गोळी."

"दुसऱ्याला लागंल का?"

"अजिबात नाही."

"मंग ल्ह्यून द्या."

डॉक्टर म्हणाले, लिहून द्यायचं तर पक्कं करू. त्यांनी एका रुसक्या तिळाचा शेंगदाण्याच्या सालीएवढा तुकडा काढला, बाटलीत घातला आणि पुण्याला तपासायला पाठवला. साळूबाई परतीच्या एस.टी.त नवऱ्याला म्हणाली, "आपल्या घरातलं पुन्याला गेलेलं ह्ये पयलंच."

तीन आठवड्यांनी पुण्याहून उत्तर आलं आणि डॉक्टरांचा अंदाज बरोबर ठरला. साळूबाई पुन्हा नगरला गेली आणि इंग्रजी टाइप केलेलं, शिक्का मारलेलं पत्र घेऊन आली. दीना सिस्टरनी तिला सुया उकळून घ्यायची पद्धतही शिकवली, दर हाताला नव्याने, वीस मिनिटं, झाकण ठेवून. त्या बदल्यात सिस्टरनी काय घेतलं ते पुढे येईल.

गावात पोचली तेव्हा चैत्र निम्मा सरला होता. श्रीगोंद्याच्या बाईचा अजून पत्ता नव्हता. साळूबाई सरळ झुंबरबाईच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. उन्हं कलली होती, ओट्यावर सात-आठ बायका होत्या, आणि सगळ्यांचे हात पदराखाली.

"झुंबराक्का, कागूद आनलाय. वाचून घ्या."

इंग्रजी वाचायचं म्हणजे रंगनाथ मास्तर. ते हायस्कुलात भूगोल शिकवीत आणि गावातल्या इंग्रजी तारांचे अर्थ लावीत. मास्तर आले, चष्मा पुसला, पत्र लांब धरलं.

"साळूबाई कारभारी... इज सफरिंग फ्रॉम... मस्त सेल..." मास्तर थांबले. पुन्हा वाचलं. "मस्त सेलच लिहिलंय."

"सेल म्हंजी?" झुंबरबाईने विचारलं.

"सेल म्हणजे... बॅटरीत घालतो तो."

एक बाई हळूच म्हणाली, "आगं बया, हिच्या अंगात सेल बशिवलेत?"

"मस्त बशिवलेत म्हनं," दुसरी म्हणाली. "मंग लाल दिसायचंच की. पेटत आसत्याल."

साळूबाईला हसू आवरेना. पण मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांनी पुढचं नेटाने वाचलं आणि ते मात्र बरोबर लावलं: हा महारोग नाही, हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, बाईला आपलं काम करायला काही हरकत नाही. खाली सही, शिक्का.

झुंबरबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, कागदाचं काय, त्यावर काय बी लिव्हता येतं. आमच्या धाकट्याला शाळंनं हुशार म्हनून ल्ह्यून दिलं हुतं."

मास्तरांनी पत्राची घडी केली. ते सर्टिफिकेट त्यांच्याच अक्षरातलं होतं.

आता कागदही हरला. साळूबाईने ओट्यावरच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. एकही हात दिसत नव्हता. तिने बाही वर केली आणि दंड पुढे केला.

"बरं, कागूद ऱ्हाऊ द्या. माझ्या अंगावर तीन जातीचे तीळ हायेत. देवाचे, रुसके आन् आत्याचे. डागतरला सुद्दा वळखू आले न्हाईत. तुमच्यातलं कोन वळखतंय, बोला! बोटानं घासायचं. फुगला तर रुसका, न्हाई फुगला तर देवाचा न्हाईतर आत्याचा."

कुणी हलेना. घासायचं म्हणजे हात लावायचा. सगळ्यांना ते कळलं होतं आणि साळूबाईला हेही कळलं होतं की आता ज्याचा हात बाहेर येईल त्याच्यावर तिची उरलेली वर्षं आहेत. झुंबरबाई खाली बघत होती.

दारातून मुक्ता बाहेर आली. विज्ञानाचा पेपर तिला बरा गेला असावा. तिने सरळ बोट लावलं आणि दंडावरचा एक तीळ घासला.

"ह्यो रुसका," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना पुढे आल्या. तीळ थोडा वेळ विचार करत राहिला, आणि मग गाल फुगवावा तसा वर आला.

"रुसलाऽऽ!" मुक्ता ओरडली.

"आगं ये, सरक, मला बघू दे!" शेजारणीचा हात पदराबाहेर आला, तीच शेजारीण, जिने "चट्टे सुन्न आहेत म्हणे" विहिरीवर नेलं होतं. "ह्यो... ह्यो देवाचा." घासला. तो गप्प राहिला. "बरुबर!"

"हॅट्, त्यो आत्याचा हाय, हिरवा न्हाई का," तिसरी म्हणाली आणि तिनेही घासला.

मग जो गलका उडाला तो विचारू नका. कुणी मनगट धरलं होतं, कुणी कोपर. एक म्हणे हा माझा, दुसरी म्हणे तुझा फुगलाच नाही. पैज हरलेली बाई साळूबाईलाच दरडावत होती, "नीट फुगीव की!" पदराखालचे सगळे हात कधीच बाहेर आले होते, आणि ते साळूबाईच्या दंडावर आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. फक्त साळूबाईच्या होतं. ती डोळे बारीक करून, खाज सोसत, एकेक हात ओळखत होती: ही चोपन, ही कसदार, ही माझीच तुळस.

"बास!" ती शेवटी म्हणाली. "लई रुसवले तर मला गोळी खावी लागंल. जागले समदे जागं झाले."

तेवढ्यात झुंबरबाई उठली. ओट्यावरून उतरायला तिला वेळ लागला. तिने साळूबाईच्या मनगटाजवळचा एक हिरवट तीळ निवडला, घासला नाही, त्यावर नुसतं बोट ठेवलं.

"ह्यो आत्याचा," ती म्हणाली. "तुज्या आत्याचा हात म्या आंधारात बी वळखीन. माझ्या कपाळावर हाय न्हवं का त्यो." मग जरा घसा खाकरून, "पोरीला कवा बशिवती?"

"आत्ता. चुलीवर पानी ठिवा. सुया उकळायच्या हायेत."

"आता हे आनि कवापासनं?"

"मला मस्त सेल बशिवल्यापासनं."

पाणी उकळलं, वीस मिनिटं झाकण ठेवलं, काजळ ताजं कालवलं. मुक्ता पाटावर बसली. साळूबाईने तिला हसवायचा प्रयत्न केला, पण ती आधीच हसत होती.

"कसा तीळ पायजे, बाळा?"

"मला रुसका दे, मावशी. सासूनं हात लावला की टम्म फुगंल आसा."

झुंबरबाईने कपाळावर हात मारून घेतला. साळूबाईने काडीने जागा बघितली, गाल आत जातो तिथून दोन गहू खाली, आणि सुया उचलल्या. "रुसका माझ्याकडं न्हाई, बाळा. त्यो वरून येतो, आन् त्याला गोळी लागती. माझ्याकडं नुस्ता टिकनारा हाय." मग आवाज बदलून म्हणाली, "रडायचं आसंल तर आत्ताच..."

वैशाखात मुक्ता तो तीळ घेऊन पाथर्डीकडे सासरी गेली. श्रीगोंद्याची बाई लग्नाच्या आदल्या दिवशी उगवली. तिला झुंबरबाईने जेवू घालून परत पाठवलं.

सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे साळूबाई नगरला नकाशा तपासायला गेली. लाल आणि काळ्या पेन्सिली तासून डॉक्टर दानीएल वाट बघत बसले होते. तिने पाहिल्या पाहिल्या जुन्या नकाशातले दोन ठिपके चुकले आहेत म्हणून दाखवून दिलं. रुसके तेवढेच होते, साधे पाच वाढले होते, आणि डॉक्टर पुन्हा "का ते माहीत नाही" म्हणाले. तेवढ्यात दीना सिस्टर केसपेपर घेऊन आत आल्या. डॉक्टरांनी मान वर केली आणि त्यांच्या हनुवटीकडे बघतच राहिले. तिथे, अगदी बरोबर जागी, एक तीळ होता. तो कधीपासून होता हे त्यांना आठवेना.

त्यांनी काळजीने लाल पेन्सिल उचलली.

"थांबा, डागतर," साळूबाई म्हणाली. "हिरवी घ्या. त्यो माझा हाय."